बारा शब्दांचे पाकीट

पोस्टात अडतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला बंद पाकिटाचे कुतूहल उरत नाही. हलवाई जसा पेढ्याकडे पाहतो, तसा मी पाकिटाकडे पाहत आलो. कोणाची नेमणूक, कोणाची नोटीस, कोणाचे आर्जव, कोणाच्या घरची दुःखद वार्ता. सारे माझ्या हाताखालून गेले. वजन केले, तिकीट पाहिले, शिक्का मारला आणि पुढे धाडले. आत काय आहे हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता आणि, खरे सांगतो, इच्छाही नव्हती. २०१३ साली निवृत्त झालो तेव्हा वाटले, आता दुसऱ्यांच्या पाकिटांशी आपला संबंध संपला. पण दहा वर्षांनी, श्रावणातल्या एका सोमवारी, माझा पुतण्या एक पाकीट घेऊन आमच्या घरी आला; आणि त्या एका पाकिटाने आधीच्या सगळ्या पाकिटांचे उट्टे काढले.

पुतण्या संगणकाच्या व्यवसायातला. त्याला जर्मनीत, म्यूनिकला नोकरी लागली होती आणि आठवड्याभरात तो जाणार होता. साबुदाण्याची खिचडी खाऊन झाली, काकू आत गेली, तसे त्याने खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले.

"काका, हे तुमच्याकडे राहू द्या. यात बारा शब्द आहेत."

"बाराच? मग पोस्टकार्डावर मावले असते की!"

तो हसला नाही. बोटे मोजीत त्याने मला नियम सांगितले. "हे कोणाला दाखवायचं नाही. मोबाइलनं याचा फोटो काढायचा नाही. संगणकात टिपून ठेवायचं नाही. फोनवर मलासुद्धा वाचून दाखवायचं नाही. आणि काकूलाही सांगायचं नाही."

"काकूलाही?"

"गुपित जितक्या कमी माणसांना ठाऊक, तितकं बरं."

लग्नाला पंचेचाळीस वर्षे झालेल्या माणसाला असल्या अटीत थोडी मौजच वाटते. मी ती तात्काळ मान्य केली. पुढे जे झाले त्याचे बीज या तात्काळपणात होते, हे मला चौदा महिन्यांनी कळले.

पाकीट उघडायचे नव्हते, पण ते कशाचे आहे हे विचारायला हरकत नव्हती. बिटकॉइन हे नाव मी वर्तमानपत्रात वाचले होते. २००८ साली सातोशी नाकामोटो या नावाने कोणीतरी त्याची कल्पना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये ते चालू झाले, एवढी माहिती होती. माझी समजूत अशी की, हे नाणे मोबाइलच्या पोटात असते. पुतण्या म्हणाला, नाणे कोठेच नसते. असते ती एक खतावणी. तिच्या नकला जगभरच्या हजारो संगणकांवर असतात आणि अमक्या पत्त्यावर अमुक शिल्लक, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. त्या पत्त्यावरची शिल्लक हलवायची तर तिची किल्ली लागते. किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती माणसाने हाताने उतरवून घ्यायची म्हटले तर एखादा आकडा हमखास चुकणार. म्हणून २०१३ साली या विषयातल्या जाणत्यांनी एक युक्ती काढली. साध्या, रोजच्या वापरातल्या २०४८ इंग्रजी शब्दांची एक यादी केली. लग्नात मंगलाष्टकांना अक्षता वाटाव्यात तसे संगणक त्यातले १२ किंवा २४ शब्द नशिबाने वेचतो. ते शब्द त्याच क्रमाने ज्याच्या हाती, त्याच्या हाती किल्ली. मोबाइल मोडला, हरवला, चोरीला गेला, तरी नव्या यंत्रात ते शब्द भरले की शिल्लक पुन्हा समोर उभी राहते.

ही यादी काही गुप्त नाही. पुतण्याने ती मला दाखवली. ती 'अबॅन्डन' या शब्दापासून सुरू होते आणि 'झू' या शब्दाशी संपते. सर्वस्वाचा त्याग करून निघालेला मनुष्य अखेर प्राणिसंग्रहालयात पोहोचतो, असा काहीसा वेदान्त तिच्यात मला दिसला. तिच्यात मदर आहे, ब्रदर आहे, अंकल आहे; मँगो आहे आणि कोकोनटही आहे. म्हणजे मूळच्या कोकणातल्या माणसाला तिथे अगदीच परके वाटायला नको. जपानी, कोरियन, फ्रेंच, झेक अशा भाषांतही अशा याद्या झाल्या आहेत. मराठीची मात्र त्यांत मला आढळली नाही.

त्या यादीतल्या दोन गोष्टींनी माझ्यातला जुना पोस्टमास्तर खूष झाला. एक अशी की, कोणताही शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखू येतो; पुढचे पुसले गेले तरी बिघडत नाही. दुसरी अशी की, बारावा शब्द पूर्णपणे नशिबाचा नसतो. त्याचा काही भाग आधीच्या अकरांवर पहारा करण्यासाठी हिशेबाने काढलेला असतो. एखादा शब्द चुकीचा लिहिला गेला, तर बहुतेक वेळा तो पहारेकरी ओरडतो. आपल्याकडे वेद मुखोद्गत करणाऱ्यांनी जटापाठ, घनपाठ असे प्रकार काढले. तेच शब्द पुढून मागे, मागून पुढे फिरवून म्हणायचे, म्हणजे एखादे अक्षर निसटले तर म्हणणाऱ्याच्या जिभेलाच ठेच लागावी. यंत्राच्या युगातल्या माणसांना पुन्हा त्याच वाटेने जावे लागले, याची मला गंमत वाटली.

"आणि हे शब्द हरवले तर?" मी विचारले. "अर्ज कोठे करायचा?"

"कोठेच नाही."

"कोठेच नाही म्हणजे? दुय्यम प्रत कोण देतं?"

"कोणी नाही, काका. या टपालखात्याला पोस्टमास्तरच नाही."

माझ्या आयुष्यातला हा एक मोठा धक्का होता. पोस्टाचे पासबुक हरवले तर अर्ज आहे. बचतपत्र हरवले तर हमीपत्र आहे. खातेदार वारला तर वारस म्हणून नेमलेला मनुष्य आहे. तो नसेल तर दाखले आहेत, साक्षीदार आहेत, सहा महिने हेलपाटे आहेत. पण शेवटी कोणीतरी चष्मा सावरीत सही करतो आणि पैसे हाती पडतात. आम्ही लोकांच्या किती शिव्या खाल्ल्या या हेलपाट्यांपायी! पण ते हेलपाटे म्हणजे विसरभोळ्या आणि मर्त्य माणसाला दिलेली सवलत होती, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले. इथे शब्द हाच मालक. ज्याच्यापाशी शब्द त्याचे धन. चोरापाशी गेले तर ते चोराचे आणि कोणापाशीच नसले तर ते कोणाचेच नाही. असे जुळणारे बारा शब्दांचे संच किती होतात, तेही पुतण्याने सांगितले: ती संख्या एकोणचाळीस आकडी आहे. तर्काने ते शब्द ओळखणे कोणालाही शक्य नाही. अर्थात चोराला तर्काची गरजच नसते. त्याला कागद पुरतो.

उठता उठता पुतण्या आणखी एक गोष्ट बोलून गेला. "काका, यात जास्त काही नाही. पण २०१७ साली मला पहिली नोकरी लागली तेव्हा बाबांनी दहा हजार रुपये हातावर ठेवले होते. तेच मी यात घातले. पुढे माझे थोडे घालत गेलो. पण मुळातले ते बाबांचे."

बाबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो २०२१ मध्ये गेला. मी पाकीट उचलले तेव्हा ते मघापेक्षा जड लागले.

आता मला थोडे मागे जायला हवे, कारण दडवून ठेवलेल्या धनाची आमच्या घराण्यात एक जुनी कथा आहे. संगमेश्वराजवळच्या खेड्यात आमचे घर होते. माझ्या आजोबांकडे चांदीचे काही रुपये होते. कोणी म्हणे शंभर, कोणी म्हणे पाचशे. चोराचिलटांच्या भयाने त्यांनी ते कोठेतरी पुरून ठेवले आणि ही गोष्ट बायकोला नाही, मुलांना नाही, कोणालाच सांगितली नाही. १९५९ साली त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आजोबा उताणे पडलेले, डोळ्यांत पाणी, आणि उजव्या हाताचे एक बोट वर उचललेले, एवढे चित्र मला आजही दिसते. ते बोट माळ्याकडे आहे असे माझे वडील म्हणत. खिडकीबाहेरच्या माडाकडे आहे असे काका म्हणत. आजी म्हणे, ते देवाकडे आहे. तिसऱ्या दिवशी आजोबा गेले.

मग माळा उचकला, माडाचे आळे खणले, गोठ्याची जमीन उकरली, चुलीमागची भिंतसुद्धा पाडली. काही मिळाले नाही. मिळाले नाही ते एक परवडले. पण काकांना आधीच मिळाले असावे, असे माझ्या वडिलांच्या मनात आले. आणि काकांच्या मनात तेच वडिलांविषयी आले. दोघेही सज्जन होते. दोघांनाही काहीच मिळाले नव्हते, असे मला आज खात्रीने वाटते. पण १९८४ साली वडील वारले तोपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, ते दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. आजोबांनी चोरापासून रुपये वाचवले खरे, पण मुलांपासून मुले वाचवणे त्यांना जमले नाही. त्या खजिन्यातला एकच रुपया आमच्याकडे उरला आहे, पंचम जॉर्जच्या छापाचा. माझ्या बारशाला आजोबांनी तो माझ्या मुठीत ठेवला होता.

त्या रुपयाचा मला आता उपयोग झाला. पुतण्या गेल्यावर मी बाजारातून लाखेची कांडी आणली, पाकिटाच्या सांध्यावर लाख ओतली आणि ती ओली असतानाच तिच्यावर रुपया दाबला. विम्याची पाकिटे आम्ही अशीच मोहोरबंद करीत असू. शिक्क्याचा गुण असा की, तो चोराला अडवीत नाही, पण चोर येऊन गेला हे सांगतो.

आता पाकीट ठेवायचे कोठे? लोखंडी कपाटात ठेवावे, तर चोर प्रथम तेच फोडतो. तांदळाच्या डब्यात ठेवावे, तर तिथे पोरकिडे आणि आमची सौभाग्यवती या दोघांचीही ये-जा असते. देवघरात तसबिरीमागे ठेवावे, तर तिथे तेल-समईची धग. चार दिवस मी घरात चोरासारखा वावरलो. पाचव्या दिवशी मला जी कल्पना सुचली तिच्यावर मी निहायत खूष झालो. माझ्याकडे मोल्सवर्थ साहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाचे एक पुनर्मुद्रण होते. हा कोश मुळात १८३१ चा. माझ्याकडचे पुस्तक १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवरून छापलेले. चोर काहीही नेईल, पण शब्दकोश नेणार नाही. शिवाय शब्द शब्दांतच ठेवलेले बरे! 'गुप्त' हा शब्द असलेले पान काढून मी तिथे पाकीट ठेवले, कोश वरच्या फळीवर सरकवला आणि हात झटकले. ही हुशारी कोणाला सांगता येत नव्हती, एवढेच काय ते दुःख.

चौदा महिने गेले. २०२४ च्या आश्विनात, दसरा होऊन गेल्यावर, म्यूनिकहून फोन आला. पुतण्याचा मोबाइल रस्त्यात पडून ट्रामखाली चुरडला होता. "काका, काही घाबरायचं कारण नाही. ते बारा शब्द आहेत ना तुमच्याकडे! मी दिवाळीला येतोच आहे. तेव्हा पाकीट घेईन."

मी फोन ठेवला आणि सहज फळीकडे पाहिले. फळी रिकामी होती. नुसती रिकामी नव्हे, ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलेली होती.

"अगं, इथली पुस्तकं?"

"दिवाळीची साफसफाई काढली नाही का? वाळवीनं खाल्लेली, फाटकी, जाडजूड, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली, सगळी गेल्या रविवारी रद्दीत दिली. तुम्हीच म्हणत होता ना, घरात धूळ फार झाली म्हणून?"

तिचे काहीच चुकले नव्हते. हे पुस्तक देऊ नकोस, एवढे चार शब्द मी तिला सांगितले असते तर बारा शब्द सुखरूप राहिले असते. पण चोरांपासून जपायचे ते मी घरच्या माणसापासून जपले होते. आणि ज्याला एखादी वस्तू मोलाची आहे हे ठाऊकच नाही, तो ती कशी सांभाळणार?

पुढे मी वाचले की वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरातल्या एका गृहस्थाची गत अशीच झाली. त्याची किल्ली संगणकाच्या एका जुन्या तबकडीत होती. २०१३ साली साफसफाईत ती कचऱ्यात गेली आणि तिच्याबरोबर सुमारे ८,००० बिटकॉइन गावाच्या उकिरड्याखाली गाडली गेली. उकिरडा खणू द्या म्हणून तो वर्षानुवर्षे नगरपालिकेच्या दारात उभा राहिला. अखेर कोर्टात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी त्याचा दावा काढून टाकला. साफसफाई ही जगात सर्वत्र सारखीच निर्दय असते. त्या माणसाचा उकिरडा मला आमच्या कोकणातल्या घराच्या परसासारखा दिसला.

मी छत्री घेतली आणि रद्दीच्या दुकानी गेलो. परतीचा पाऊस कोसळत होता. दुकानदार म्हणाला, "जाड पुस्तकं आम्ही फोडत नाही, आजोबा. ती जुन्या पुस्तकांचा फूटपाथवाला घेऊन जातो." अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे फूटपाथ मी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालथे घातले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका ताडपत्रीखाली मला माझा मोल्सवर्थ दिसला. एक बाजू पावसाने फुगली होती. विक्रेत्याने सहाशे रुपये सांगितले. आयुष्यात प्रथमच मी घासाघीस न करता पुस्तक घेतले, तेही स्वतःचेच. थरथरत्या हातांनी 'गुप्त' उघडले. पाकीट तिथेच होते. भिजून फुगलेले, पिवळे पडलेले; पण लाखेवरचा पंचम जॉर्ज जसाच्या तसा होता. शिक्का फुटला नव्हता.

वसुबारसेला पुतण्या आला. त्याच दिवशी मी त्याला सगळे सांगितले. तो क्षणभर गप्प बसला आणि मग एवढेच म्हणाला, "शिक्का शाबूत आहे ना?" पाकीट मात्र मी एकट्याने त्याच्या हाती द्यायला तयार नव्हतो. त्याच्या आईला बोलावून घेतले, आमच्या मंडळींना बसवले आणि चौघांच्या मध्ये पाकीट ठेवले. पुतण्याने शिक्का फोडला.

आतल्या कागदावरची शाई पसरली होती. आठ शब्द पूर्ण वाचता आले. तिघांची शेपटे गेली होती, पण पहिली चार अक्षरे होती, तेव्हा तेही ओळखले. बाराव्या शब्दाच्या जागी मात्र निळा डाग होता.

माझी भावजय इतका वेळ काही न बोलता बसली होती. आता तिने विचारले, "हे कसले पैसे?" पुतण्याने सांगितले. तिने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "त्यांनी दिलेले पैसे, आणि चौदा महिने मला कोणी सांगितलं नाही, दादा?"

ती मोठ्याने बोलली नाही. पण ती नजर मी ओळखली. ती मी आमच्या कोकणातल्या घरात, उकरलेल्या गोठ्याच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन भावांच्या डोळ्यांत पाहिली होती. पैसे किती हा प्रश्नच नव्हता. आपल्या घरात आपल्याला वगळून काहीतरी चालले होते, एवढेच त्या नजरेत होते. आणि त्यापुढे माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी म्हणालो, "चुकलं माझं." पुतण्याही तेच म्हणाला. आमच्या वडिलांच्या पिढीत हे दोन शब्द कोणी उच्चारले असते तर!

बाराव्या शब्दाची कथा मात्र आनंदाची झाली. पुतण्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला. शेवटच्या जागी यादीतले २०४८ शब्द येऊ शकतात. पण हा शब्द पहारेकरी असल्यामुळे सोळांतला एकच जुळतो. म्हणजे उरले १२८. त्याने एक जुना संगणक घेतला, त्याचे जगाशी असलेले सारे संबंध तोडले आणि प्रत्येक शब्द लावून कोणता पत्ता निघतो ते तो पाहू लागला. स्वतःचा पत्ता त्याच्यापाशी लिहिलेला होता. पत्ता उघडा असला तरी चालतो. काकूने चिवडा परतला, भावजयीने अनारसे तळले, आणि सत्तरीतला मी त्या संगणकापुढे मुलाच्या दहावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या बापासारखा बसलो. तासाभराने पुतण्याने टाळी वाजवली. तो शब्द कोणता हे मी इथे लिहिणार होतो, कारण तो आता निरुपयोगी आहे. पण पुतण्या म्हणाला, सवय मोडू नका.

निरुपयोगी अशासाठी की, त्याच रात्री त्याने नवे बारा शब्द काढून सगळी शिल्लक नव्या पत्त्यावर हलवली. जे शब्द एकदा घराबाहेर हिंडून आले, त्यांच्यावर विसंबायचे नाही, शिक्का शाबूत असला तरीही. नवे शब्द त्याने कागदावर ठेवले नाहीत. पोलादाच्या दोन छोट्या पट्ट्यांवर एकेक अक्षर ठोकून उठवले. तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावे घालतात तसे. आता पाणी, वाळवी आणि शाई यांचे भय उरले नाही. एक पट्टी एका ठिकाणी आहे आणि दुसरी दुसऱ्या गावी. दोन्ही पट्ट्यांवर तेच बारा शब्द आहेत, त्यामुळे एक गेली तरी दुसरी पुरते.

बाकीचे नियम पूर्वीचेच राहिले, आणि ते बरोबरच आहेत. फोटो काढायचा नाही, कारण २०२५ साली असे चोर-प्रोग्राम उघडकीस आले की ते साध्यासुध्या ॲपच्या वेषात मोबाइलमध्ये शिरतात आणि फोटोंतली अक्षरे वाचून हे शब्द नेमके उचलतात. कोणी कंपनीचा माणूस म्हणून गोड आवाजात फोन केला आणि पडताळणीसाठी शब्द मागितले, तर तो चोर समजायचा. खऱ्या माणसाला ते शब्द कधीच लागत नाहीत. हे धन घ्यावे की नाही, हा माझा विषय नव्हे. सरकारने २०२२ पासून त्याच्या नफ्यावर तीस टक्के कर बसवला, पण त्याला चलनाची मान्यता दिली नाही. माझे पैसे पोस्टातच आहेत. पण ज्याने घेतले आहे, त्याने ते सांभाळायचे कसे, यावर आता मला बोलण्याचा थोडा अधिकार आला आहे.

एक नियम मात्र आम्ही बदलला. आजवर दोन निराळ्या गोष्टींना आम्ही एकच गुपित समजत होतो. शब्द कोणते, हे एक. आणि शब्द आहेत, हे दुसरे. पहिले कोणालाही सांगू नये. दुसरे घरात किमान एका माणसाला सांगितलेच पाहिजे. पुतण्याने एक साधे पत्र लिहिले. त्यात शब्द नाहीत. आपल्या नावे असे असे काही आहे, ते उघडायला पट्टी लागते, ती कोठे आहे ते अमक्या दोघांना ठाऊक आहे आणि आपल्यामागे ते आईचे, एवढेच त्यात आहे. ते पत्र त्याने आईच्या हाती दिले. आजोबांनी रुपये कोठे आहेत हे सांगायला नको होते कदाचित. पण मी नसेन तेव्हा अमक्याला विचारा, एवढे जरी एकाला सांगितले असते, तरी आमच्या घरातले ते बोट पंचवीस वर्षे हवेत लटकत राहिले नसते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सौभाग्यवतीने चौरंगावर नेहमीप्रमाणे दागिने, नोटा आणि माझे पोस्टाचे पासबुक मांडले. भावजयीने मुलाचे ते पत्र आणले आणि त्या शेजारी ठेवले. मी आजोबांचा रुपया ठेवला. सौभाग्यवती हळदकुंकू वाहता वाहता थांबली, आत गेली आणि फुगलेला, वेडावाकडा झालेला मोल्सवर्थ दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली.

"याचीही पूजा करते," ती म्हणाली. "म्हणजे पुढच्या वर्षी रद्दीत द्यायचं नाही, हे माझ्या लक्षात राहील. आणि तुमच्या डोक्यात आणखी काही दडवलेलं असेल, तर आत्ताच सांगून टाका. अजून फराळाचे तीन डबे पुसायचे राहिलेत."